आबांना बसवून ठेवू नका

खान्देशातल्या भावाबहिणींनो, घरातल्या आबांकडे, आजीकडे आज नीट बघा. चालताना एक हात हलत नाही का? पाय घासतात? सही बारीक होत चाललीय? सदऱ्याचं बटण लावता लावता वेळ जातो? "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. हा कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स असू शकतो. हात थरथरत नसले तरीही. मेंदूविकाराच्या डॉक्टरांना दाखवा.

कंपवातावरच्या लेव्होडोपा या गोळीने हालचाल मोकळी होते, पण जाणारा तोल एकट्या गोळीने सावरत नाही. आणि आपण मायेपोटी म्हणतो, "आबा, तुम्ही बसा, पडाल." बसून बसून अंग आखडतं, पाठ वाकते. मग एक दिवस उंबऱ्याशी पाय जमिनीला खिळतात, आबा पडतात, खुब्याचं हाड मोडतं. सुनेचं शेतात जाणं बंद, मुलाची रोजी बंद.

हे टाळणं बरंचसं तुमच्या हातात आहे. फिजिओथेरपी आत्ता सुरू करा, आबा चालते आहेत तोवर. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे जा, विचारा, व्यायाम शिकून घ्या. गोळीचा असर असतो त्या वेळात हा व्यायाम रोज करून घ्या.

पाय अडकले तर आबांना ओढू नका. थांबू द्या. अंग हळूच डावी-उजवीकडे डोलवू द्या, मग "एक, दोन" म्हणत मोठं पाऊल टाकायला सांगा. दाराजवळ जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवा. पट्टी ओलांडायची म्हटलं की अडलेलं पाऊल पुष्कळदा उचलतं. वळताना गर्रकन नको, मोठा वळसा घ्यायला लावा. आबा भजनातले असतील तर टाळ वाजवा. ठेक्यावर पाय चालतात, हे खरंच घडतं. पुण्यात ऋषिकेश पवारांच्या नृत्यवर्गात कंपवाताची माणसं ठेक्यावर नाचतात.

मग असा वर्ग आपल्याकडे का नको? भजनी मंडळांनो, आठवड्यातून एक दुपार द्या. सभागृह असलेल्यांनो, दार उघडा. फिजिओथेरपिस्टांनो, एक तास या. शेजाऱ्यांनो, जळगावात मेहरुण तलावावर फिरायला निघताना आबांनाही हाक मारा, ऊन चढण्याआधी.

उद्या सकाळीच आबांना घेऊन डॉक्टरांकडे निघा. जुनी कागदपत्रं आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी आज रात्रीच पिशवीत भरून ठेवा.