वाघाला भुयारी वाट, मग आमच्या लांडग्यानं काय घोडं मारलंय?



नागपूरकडं पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर जनावरांना खालून जाता यावं म्हणून ९ ठिकाणी वाटा ठेवल्यात. सगळ्यात लांब ७५० मीटरची. सुखासुखी नाही झालं, लोक हायकोर्टात भांडले तेव्हा झालं. "जनावर काय बोर्ड वाचून खालून जाणार का?" असं विचारणाऱ्यांसाठी सांगतो: भारतीय वन्यजीव संस्थेनं २०१९ मध्ये तिथं कॅमेरे लावले. वाघासकट १८ जातींची जनावरं खालून जाताना टिपली. विषय संपला.

आता आपल्या कासुर्डीला या. पुणे-सोलापूर हायवेच्या एका अंगाला नदीकडचा ऊस, दुसऱ्या अंगाला भुलेश्वरचा डोंगर आणि माळ. मधे दिवसरात्र गाड्या. लांडगा, तरस, खोकड, बिबट्या यांनी जायचं कुठून?

खरं दुखणं असं, की सरकारी डोळ्याला माळ म्हणजे पडीक. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ पासून आहे, चिंकाऱ्यासाठी. क्षेत्र जेमतेम ५ चौरस किलोमीटर. तेवढ्यात जनावर कोंडून राहतं होय? शिरसुफळ, कडबनवाडीला वनखातं गवताळ सफारी चालवतं. म्हणजे तिकीट काढून दाखवायला लांडगा आहे, रस्त्याच्या नकाशात मात्र नाही!

"शिरूरला बिबट्या माणसं मारतोय आणि यांना पूल सुचतोय," असं काहीजण म्हणतील. राग रास्तच आहे. पिंजरे, भरपाई, शेतीला दिवसा वीज हे मिळालंच पाहिजे, त्यात तडजोड नाही. पण हायवेनं बिबट्या थांबत नाही. तो रात्री दुभाजकावरून उडी मारतो, आणि तेव्हा मोटारसायकलवालाही जिवाला मुकू शकतो. वाट हवी ती दोघांसाठी.

हडपसर-यवत सहापदरी उन्नत मार्गाला २०२५ मध्ये मंजुरी मिळालीय. वर पूल झाला तरी खालचा रस्ता राहणारच. म्हणून मागण्या आत्ताच:

१) काम सुरू होण्याआधी वनखात्यानं कॅमेरे लावून जनावरांच्या वाटा शोधाव्यात.
२) ओढ्यांवरच्या मोऱ्या उंच आणि रुंद कराव्यात. चिंकारा अंधाऱ्या बोगद्यात शिरत नाही, त्याला पलीकडचं दिसावं लागतं.
३) दोन्ही बाजूंनी जाळी लावून जनावर त्या मोरीकडं वळवावं.
४) मोऱ्यांत राडारोडा टाकणाऱ्यांना दंड करावा.

काँक्रीट ओतल्यावर बोंबलून उपयोग नाही. येत्या ग्रामसभेत ठराव मांडा. कासुर्डीनं सुरुवात केली तर यवत, पाटसही मागं राहणार नाहीत.