वाचता येणार नाही, हे आधीच कसे ठरवता?



तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे ‘निपुण भारत’ अभियानाचे २०२६-२७ पर्यंतचे उद्दिष्ट. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची पाटी मात्र ‘आधी हाताने जेवू दे, कपडे घालू दे, वाचनाचे पुढे बघू’ असे म्हणत बाजूला ठेवली जाते. फार तर ‘धोका’, ‘दवाखाना’ अशा शब्दपट्ट्या ओळखायला शिकवतात. नवा शब्द अक्षरे जुळवून वाचणे त्यांना झेपणार नाही, हे गृहीतच असते.

अमेरिकेतही हेच चालत होते. डायन ब्राउडर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या वाचनावरील १२८ अभ्यास तपासले. बहुतेकांत नुसती शब्दओळख होती. अक्षर-ध्वनीची सांगड शिकवून पाहणारे थोडेच. पुढे टेक्सासमध्ये जिल ॲलर यांच्या गटाने बुद्ध्यंक ४० ते ८० असलेल्या मुलांना छोट्या गटांत, रोज, चार वर्षांपर्यंत पद्धतशीर वाचन शिकवले. २०१४ मध्ये निष्कर्ष आले: नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या मुलांपेक्षा ही मुले पुढे गेली होती. प्रगती संथ होती, पण खरी होती.

हा पुरावा इंग्रजीचा आहे. मराठी मुलासमोर काना, वेलांटी, रफार, जोडाक्षरे असतात. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते, उच्चार मात्र नंतर होतो. बाराखडी घोकून घ्यावी, की मोजकी अक्षरे शिकवून लगेच शब्द वाचायला द्यावेत, याचे उत्तर आपल्याच वर्गांत शोधायला हवे.

म्हणून राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, दिव्यांग कल्याण आयुक्तालय आणि विद्यापीठांनी मिळून विशेष व सर्वसाधारण शाळांत किमान तीन वर्षांचा तुलनात्मक अभ्यास हाती घ्यावा. निष्कर्ष प्रतिकूल आले तरी प्रसिद्ध करावेत. काय उपयोगी पडत नाही, हेही आम्हा शिक्षकांना कळायला हवे. तुलनेसाठी काही मुलांना वंचित ठेवायचे का, ही शंका रास्त आहे. ब्रिटनमध्ये डाऊन सिंड्रोम असलेल्या ५७ मुलांच्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तुलनेच्या गटालाही तेच शिक्षण २० आठवड्यांनी मिळाले होते. तोच मार्ग आपल्यालाही खुला आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या मुलांना अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. त्या वर्षांत वाचन कसे शिकवावे, हे केवळ अंदाजावर सोडणे अन्यायाचे आहे.

– एक विशेष शिक्षिका, सातारा