रोमन चरित्रें आणि घरचें शिक्षण

पोलादपूर तालुक्यांतील कुडपण हें डोंगरांतलें गांव शेलारमामांचें गांव म्हणून ओळखिलें जातें. तेथील मुलास सिंहगडच्या १६७० सालच्या लढाईची हकीकत पाठ्यपुस्तकाच्या आधीं घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडून कळावी, हें स्वाभाविकच आहे. थोरांचें चरित्र हें घरच्या शिक्षणाचें आपल्याकडील फार जुनें साधन होय. तेव्हां ज्या आईबापांनीं मुलांस शाळेंत न घालतां घरींच शिकविण्याचें पत्करिलें आहे, त्यांनीं आपल्या पुरुषांबरोबर रोमन पुरुषांचींही चरित्रें वाचावयास घेतलीं, तर तें आम्हांस पसंत आहे. वाद आहे तो निवडीचा. थोरांचे दोष काढून टाकून धुवून पुसून ठेविलेलीं बाळबोध पुस्तकें मुलांच्या हातीं देणें आम्हांस मान्य नाहीं.

कायद्याची शंका काढणारांस थोडक्यांत उत्तर देतों. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या बालकास शाळेंत घालणें हें पालकांचें कर्तव्य ठरविलें आहे खरें. परंतु तें न करणाऱ्या पालकास त्यांत शिक्षा सांगितलेली नाहीं, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची माध्यमिक परीक्षा चौदा वर्षें पुरीं झालेल्या मुलास घरीं अभ्यास करून देतां येते.

आमची पहिली निवड थोरल्या केटोची. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास प्लूटार्क नांवाच्या ग्रीक पंडितानें एका ग्रीकाशेजारीं एक रोमन बसवून जीं जोडचरित्रें लिहिलीं, त्यांत हें एक आहे. घरीं शिकविणाऱ्या बापाचें असें दुसरें चित्र क्वचितच सांपडेल. केटोच्या पदरीं किलो नांवाचा एक विद्वान् गुलाम असून तो पुष्कळ मुलांस शिकवीत असे. तरी केटोनें आपल्या मुलास अक्षरओळख, कायदा व घोड्यावर बसणें हीं स्वतःच शिकविलीं. टायबर नदीच्या भोंवऱ्यांतून पोहावयासही त्यानेंच शिकविलें. सावित्रीकांठच्या मुलांस हा भाग विशेष रुचेल. मुलास पूर्वजांचा इतिहास घरबसल्या कळावा म्हणून तो त्यानें स्वहस्तें मोठ्या अक्षरांत लिहून काढिला.

पण हें सारें त्यानें कां केलें? आपल्या मुलाचा कान एका गुलामानें पिळावा, आणि विद्येसारख्या गोष्टीबद्दल मुलानें गुलामाचें ऋणी व्हावें, हें त्यास खपेना! बापाची माया आणि धन्याची मगरुरी एकाच कृत्यांत अशीं मिसळलेलीं आहेत. हाच केटो म्हातारे झालेले गुलाम विकून टाकावे असें सांगे, आणि तेथें प्लूटार्क त्याचा निषेध करितो. आपण तर म्हातारा बैलदेखील विकणार नाहीं, असें तो बजावितो. बाळबोध पुस्तकांत नेमका हाच भाग गाळलेला असावयाचा. मुलाची थोरांवरील श्रद्धा उडेल, अशी भीति घालणारांस आम्ही विचारतों, प्लूटार्काची उडाली काय? त्यानें केटोचे गुणही तितक्याच मोकळेपणानें गाइले आहेत.

आमच्या जिल्ह्यांत तरी हें शिक्षण अत्यंत अवश्य आहे. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी पाणी प्याले, आणि पुढें तें तळें पंचगव्यानें शुद्ध करून घेण्यांत आलें. शुद्धि करविणारांत कुटुंबवत्सल, देवभोळे, व्यवहारांत चोख असे गृहस्थ नसतील काय? केटो पुरता वाचलेल्या मुलास हा प्रश्न आपण होऊन सुचेल, आणि त्याचें उत्तर बापास देतां आलें पाहिजे.

दुसरी निवड टायबीरियस ग्रॅकस व त्याचा भाऊ गेयस यांची. बाप वारल्यावर यांस आई कॉर्नीलिया हिनें वाढविलें व शिकविलें. इट्रूरियांतून जातांना टायबीरियसास शेतें स्वतंत्र शेतकऱ्यांवांचून ओस व परदेशी गुलामांच्या हातीं गेलेलीं दिसलीं. त्यानें सार्वजनिक जमिनीवरील श्रीमंतांच्या ताब्यास मर्यादा घालण्याचा कायदा आणिला आणि इ. स. पूर्वीं १३३ मध्यें तो मारला गेला. हें वाचतांना मुलास चरीच्या शेतकऱ्यांचा १९३३ सालीं सुरू झालेला संप, खोती मोडण्यासाठीं १९३७ सालीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत आणिलेलें बिल आणि १९४९ चा खोती नाहींशी करणारा कायदा हीं क्रमानें सांगावीं. जोडचरित्राची युक्ति प्लूटार्काची. जोडी मात्र आपली असावी.

स्युटोनियसचे बारा सीझर चौदा वर्षांखालील मुलांस देऊं नयेत. त्यांतील कांहीं बादशहांचे चाळे प्रौढांनीं वाचावयाचे आहेत. सीझरचें चरित्र द्यावयाचें तर प्लूटार्काचें द्यावें. शेक्सपियरच्या नाटकाचा आधारही तेंच आहे.

राहिली भाषेची अडचण. प्लूटार्काचीं जुनीं इंग्रजी भाषांतरें फुकट मिळतात. आईबापांनीं रात्रीं वाचावें व सकाळीं मराठींत सांगावें. एका चरित्रास पंधरा दिवस खुशाल लागूं द्यावे. आणि महाड-पोलादपूरचे जे व्यापारी उत्सवाच्या वर्गणीस हात आंखडीत नाहींत, त्यांनीं हीं दोन-तीन चरित्रें मराठींत, कांहीं न गाळतां, मोठ्या टाइपांत छापवून कुडपणासारख्या गांवांतून पोंचविण्याचा खर्च उचलावा, अशी आमची त्यांस विनंति आहे.