मीठ फुटलें तें ग्रहांनीं नव्हे

कृष्णा-वारणेच्या कांठीं हिरव्यागार उंसाच्या मध्येंच पांढऱ्या, ओसाड जमिनीचे पट्टे दिसतात. जमीन फुटली कीं कोणी नशिबास बोल लावतो, कोणी पंचांग उघडवितो, कोणी शांत करवितो. शेतकरी बंधूंनो, हें मीठ ग्रहांनीं आणलें नाहीं. तें आपण पाटाच्या पाण्यानें वर आणलें आहे. भटजीस दक्षिणा देऊन तें जाणार नाहीं.

याचें वर्म आमच्या गवंडी बांधवांस चांगलें ठाऊक आहे. ओल धरणाऱ्या पायावर भिंत उभी केली कीं लोणा चढतो आणि विटेचा भुगा होतो. शेताचेंही तेंच. काळी जमीन पाणी धरून ठेवते, सहज खालीं सोडीत नाहीं. तींत बारा ते अठरा महिने ऊंस उभा, आणि पाळी आली कीं रात्रभर मोकळें पाणी सोडून आपण घरीं निजावयाचें! जमिनीखालचें पाणी चढत चढत चार-पांच फुटांवर येतें. दिव्याची वात तेल ओढते तशी माती तें पाणी वर ओढते. उन्हानें पाणी उडून जातें, क्षार मागें राहतो. वाफसा येत नाहीं, मुळें कुजतात, आणि शेवटीं उंसाच्या जागीं लव्हाळा व पाणकणीस माजतें.

हें नवें नाहीं. नीरा डाव्या कालव्याला 1885 सालीं पाणी सुटलें, आणि पुढें त्याच खोऱ्यांतल्या काळ्या जमिनी पाणथळ होऊन सरकारास चर खणण्याच्या मागें लागावें लागलें. इतका धडा मिळूनही नंतरचे कालवे झाले, उपसा योजना झाल्या. पण पाणी बाहेर काढण्याची तजवीज मागेंच राहिली.

आम्ही पाण्याच्या विरुद्ध नाहीं. जोतीरावांनीं 1883 सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्यें बंधारे व तलाव मागितले, शाहू छत्रपतींनीं राधानगरीचें धरण हातीं घेतलें. पण पाणी आणणाराने तें वाहून जाण्याची वाटही ठेवावी लागते. एकट्यानें चर काढून भागत नाहीं, कारण तो सोडावयाचा कोठें? ओढे बुजले, कित्येकांनीं तर ते नांगरून बांधांत घेतले. वरचा पाणी पाजतो आणि खालच्याची जमीन मरते. म्हणून सबंध शिवारानें एकत्र येऊन आधीं ओढा मोकळा करावा, मग शेतांत चर काढावे किंवा भोंकांच्या नळ्या पुराव्या. शिरोळ तालुक्यांत कारखान्याच्या पुढाकारानें हें झालें, आणि पडीक रानांत पुन्हां ऊंस उभा राहिला. चर नसतां नुसतें जिप्सम टाकणें म्हणजे पैसे चिखलांत घालणें होय. ठिबक केल्यास पाणीही वांचतें व क्षारही आवरतो.

खर्च कोणीं करावा? पूर्वीं शेटजी-भटजींकडे बोट दाखवितां येत होतें. आज साखर कारखान्याच्या गादीवर बहुधा आपलेच भाऊबंद बसले आहेत. ऊंस त्यांनीं गाळावा, पाणीपट्टी सरकारानें घ्यावी, आणि फुटलेली जमीन तेवढी एकट्या कुळानें सोसावी, हा न्याय कोणता? कारखान्याच्या येत्या वार्षिक सभेंत प्रत्येक सभासदानें उभें राहून विचारावें: आपल्या हद्दींत किती एकर जमीन फुटली, आणि चरांवर आजवर किती रुपये खर्चिले? उत्तर इतिवृत्तांत लिहून घ्यावें. तोंवर कोणी खारवट रान मातीमोलानें मागूं आला, तर त्यास सातबारा दाखवूं नये.