प्रथम कळले म्हणून दोषी?

गर्भवतीच्या रक्ताची एचआयव्हीसाठी तपासणी करण्याचा प्रघात आपल्या सरकारी रुग्णालयांत रूढ झाला आहे, आणि तो योग्यच होय. उपचाराअभावी मातेकडून अपत्याला लागण होण्याचा संभव शेकडा १५ ते ४५ असतो. वेळीच औषधे मिळाल्यास तो ५ च्याही खाली येतो. परंतु त्यामुळे घरात शिरलेल्या रोगाचा पत्ता पुष्कळदा प्रथम लागतो तो सुनेच्या रक्तात. जिचे आधी कळले तिनेच तो आणला, असा निवाडा सासरी तत्काळ होतो. पतिराजांची तपासणी मात्र लांबणीवर पडते. (तर्कशास्त्राची याहून अधिक विटंबना ती कोणती?) मग ती गोळ्या चोरून घेते, किंवा घेतच नाही. झोप उडते, अन्नावरची वासना जाते. आणि मनाचे हे दुखणे गरोदरपणाचेच लक्षण म्हणून खपून जाते. संमती व गुप्तता यांची हमी देणारा २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे खरा. पण माजघरातल्या निवाड्यापुढे तो काय करणार? आरोग्य खात्याने पहिल्याच खेपेस पतिपत्नींची तपासणी बरोबरीने करण्याची सोय करावी, आणि समुपदेशकाने गोळ्यांच्या हिशेबाबरोबर तिच्या झोपेचीही चौकशी करावी, अशी आमची मागणी आहे.