सांगावयाचे कोणी?



गेल्या महिन्यात एक गृहस्थ आमच्या कचेरीत आले. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सहकुटुंब धम्मदीक्षा घेतली आहे. थोरल्या मुलीचा मंगल परिणय ठरलेला, आणि पत्रिकेचा कच्चा मसुदा हातात. निमंत्रकांच्या नावांत धाकट्या अपत्याचे नाव कसे छापावे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. ते अपत्य मुलगी म्हणून वाढले, मुलगी म्हणून शाळेत गेले. औषधोपचार व शस्त्रक्रिया होऊन आता चार वर्षे झाली. आज तो पुण्यात पुरुष म्हणून नोकरी करतो, दाढी राखतो, आणि त्याच्या कचेरीत कोणास यातले काही ठाऊक नाही. गावातही नाही. जुने नाव छापले तर मुलगा येणार नाही. नवे छापले तर भावकी विचारील, हा कोण. नाव गाळले तर आई जेवणार नाही. "वकीलसाहेब, कायदा काय म्हणतो?" असे त्यांनी विचारले.

लग्नपत्रिकेविषयी कायदा काही म्हणत नाही. परंतु त्या गृहस्थांच्या मनात पत्रिकेपेक्षा मोठा प्रश्न होता, आणि तो आज आपल्यातील अनेक घरांत दबक्या आवाजात विचारला जात आहे. लिंगपरिवर्तन करावे की करू नये हा वाद येथे नाही. या घरी ते झालेले आहे. झाल्यानंतर त्या माणसाने किती उघडपणे जगावे, आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा, एवढाच आजचा विषय आहे.

या प्रश्नाने ज्याचे उभे आयुष्य व्यापले असा एक माणूस बुद्धाच्या वाटेने भारतात आला आणि येथेच मरण पावला, हे आपल्यापैकी थोड्यांस ठाऊक असेल. मायकेल डिलन हे त्याचे नाव. तो १९१५ साली लंडनमध्ये मुलगी म्हणून जन्मला आणि ऑक्सफर्डला मुलींच्या संस्थेतून शिकला. १९३९ साली त्याने उपचारांस प्रारंभ केला तोच ज्या मनोवैद्याकडे त्याला तपासणीसाठी पाठविले होते त्यानेच गोष्ट बाहेर फोडली. डिलनला गाव सोडावे लागले. ब्रिस्टलला जाऊन तो मोटारींच्या गॅरेजात काम करू लागला. पुढे १९४४ साली त्याची जन्मनोंद दुरुस्त झाली. सर हॅरोल्ड गिलीज या शल्यविशारदाने १९४६ ते १९४९ या काळात त्याच्यावर किमान तेरा शस्त्रक्रिया केल्या, आणि रुग्णालयाच्या कागदांवर मात्र जन्मजात व्यंगाची दुरुस्ती असे लिहून ठेवले. ऑक्सफर्डनेही जुनी नोंद अशी बदलून दिली की तो मुलींच्या संस्थेत होता हे कळू नये. डब्लिनला वैद्यकाचे शिक्षण घेऊन तो १९५१ साली डॉक्टर झाला व जहाजावर नोकरीस लागला. दाखला दुरुस्त, पदवी नवी, भोवताली समुद्र! यापेक्षा पक्के गुपित कोणते असणार?

ते फुटले एका पुस्तकामुळे. डिलनचे घराणे सरदारकीचे होते. थोरला भाऊ बॅरोनेट. इंग्लंडात अशा घराण्यांच्या वंशावळी छापणारे दोन मोठे ग्रंथ आहेत. त्यांतील डेब्रेटने भावाचा वारस म्हणून मायकेलचे नाव दिले, आणि बर्कने केवळ एक बहीण दाखविली. एका इंग्रजी वृत्तपत्राच्या नजरेस ही तफावत आली. १९५८ च्या मे महिन्यात डिलनचे जहाज अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरात असताना बातमीदारांनी त्याला गाठले. जन्मतः आपण पुरुषच होतो, केवळ व्यंग होते, असे त्याने सांगितले. ते खरे नव्हते. तथापि ते असत्य उत्तर देणाऱ्याच्या पदरी घालावयाचे की असला प्रश्न विचारण्याचा अधिकार आपणांस आहे असे समजणाऱ्याच्या, याचा वाचकांनी विचार करावा.

त्याच वर्षी त्याने कलकत्त्यास जहाज सोडले व कालिम्पाँग गाठले. तेथे इंग्रज भिक्खू संघरक्षित राहत असत. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाची वार्ता आली त्या दिवशी नागपुरात राहून शोकाकुल जनसमुदायाला धीर देणारे ते हेच. त्यांनी डिलनला जीवक हे नाव दिले. बुद्धाच्या वैद्याचे नाव. डिलनने आपली हकीकत त्यांना विश्वासाने सांगितली. पुढे पूर्ण उपसंपदा घेऊन भिक्खू होण्याचा प्रश्न आला तेव्हा विनयातील जुना नियम आडवा आला, आणि ती उपसंपदा त्याला अखेरपर्यंत मिळाली नाही. तिबेटी परंपरेत तो श्रामणेर झाला, लडाखमधील रिझोंग विहारात काही काळ राहिला, आणि ता. १५ मे १९६२ रोजी डलहौसी येथे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी वारला.

विनयात असा नियम आहे, हे आम्ही झाकून ठेवीत नाही. नव्याने धम्मात आलेल्यांस कोणीतरी तो काढून दाखवीलच. तेव्हा तो आमच्याकडून कळलेला बरा. परंतु तो संघातील प्रवेशाचा नियम आहे. उपासकाने आपल्या घराचे दार कोणास लावावे याविषयी त्यात एक अक्षर नाही. जो भिक्खू होऊ शकत नाही तो पुत्रही होऊ शकत नाही, हे कोणत्या पिटकात लिहिले आहे?

मृत्यूपूर्वी पंधरा दिवस, आपल्या वाढदिवशी, डिलनने एक हस्तलिखित इंग्लंडला धाडले होते. त्यात त्याने स्वतःची सारी कहाणी स्वतःच लिहिली होती. भावाची इच्छा होती की ते जाळावे. ज्याच्याकडे ते धाडले होते त्याने ते जपून ठेवले, आणि पन्नासहून अधिक वर्षांनी ते छापून निघाले. लेखक म्हणून मायकेल डिलन व लोबझांग जीवक अशी दोन्ही नावे त्यावर आहेत. म्हणजे हा माणूस बोलण्यास तयार नव्हता असे नाही. मनोवैद्याने सांगितले, बातमीदाराने सांगितले. त्याच्या हयातीत त्याला स्वतः जगापुढे सांगण्याची पाळीच कोणी येऊ दिली नाही.

आता आपल्या घराकडे येऊ. अशा मुलाच्या बाबतीत आपल्याकडे दोन प्रकारचे नातलग आढळतात. पहिले लपविणारे. मुलगा सणावारी घरी आला की शेजारणीला सांगतात, "भाचा आहे, मुंबईहून आला." त्यांना वाटते आपण त्याला सांभाळून घेत आहोत, प्रत्यक्षात तो स्वतःच्या आईच्या ओट्यावर दुसऱ्या कोणाचा तरी मुलगा होऊन बसलेला असतो. दुसरे जाहीर करणारे. हे बहुधा शिकलेले व चळवळीतले असतात. आपण धर्मांतर उघड्या मैदानात केले, मग तू का दडतोस, जयंतीच्या व्यासपीठावर ये आणि बोल, असा त्यांचा आग्रह. आम्ही स्वतः पूर्वी या दुसऱ्या पंथाचे होतो, हे कबूल केले पाहिजे. व्यवसायात काही वर्षे काढल्यावर, आणि एका अशिलाची नोकरी त्याच्या मित्रांच्या उत्साहापायी गेलेली पाहिल्यावर, ते मत आम्ही सोडले.

धर्मांतराचा दाखला येथे लागू पडत नाही, याचे कारण नीट पाहा. ता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लाखो लोकांनी एकत्र दीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशी वस्तीच्या वस्ती बौद्ध होती. कोणा एकाला उठून शेजाऱ्यास काही सांगावे लागले नाही. तोच बौद्ध माणूस पुढे एकटा शहरात खोली शोधू लागला की मालकाने आडनाव विचारताच घुटमळे. आजही घुटमळतो. १९९० साली कायदा दुरुस्त होईपर्यंत बौद्ध झालेल्यांस केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती नव्हत्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि दाखल्यावर 'हिंदू महार' असे दोन्ही एकाच घरात किती वर्षे नांदत होते, हे आपल्याआधी दीक्षा घेतलेल्यांच्या घरी विचारून पाहा. जे आपण एकटे असताना करू शकलो नाही ते, ज्याला वस्ती नाही, मैदान नाही, समुदाय नाही अशा एकट्या मुलाकडून कोणत्या तोंडाने मागावयाचे?

स्वतः बाबासाहेब १९१७ साली परदेशातील विद्या घेऊन बडोद्याच्या नोकरीवर गेले तेव्हा त्यांना राहण्यास जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमात पारशी नाव धारण करून, दिवसाला दीड रुपया भरून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली मंडळी आली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर पडा म्हणाली. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. नाव बदलून राहिलो हेही त्यात लपविलेले नाही. ती वाचताना आपला संताप काठीवाल्यांवर होतो. नाव लपविणाऱ्याला भित्रा म्हणण्याचे आपल्या मनातही येत नाही. मग मुलाच्या बाबतीतच ते का येते?

येथे पंचशील आठवणारे बंधू विचारतील, मुसावादा वेरमणी आपण रोज म्हणतो; मग हे लपविणे असत्य नव्हे काय? आमचे उत्तर असे की, न सांगणे आणि खोटे सांगणे यांत अंतर आहे. दुकानदाराला, सहप्रवाशाला, घरमालकाला आपल्या शरीराचा पूर्वेतिहास मागण्याचा अधिकारच नाही. ज्यास मागण्याचा अधिकार नाही त्याच्यापुढे मौन धरल्याने शील मोडत नाही. ज्यास अधिकार आहे त्याच्यापुढे मात्र बोलले पाहिजे. उपचार करणाऱ्या डॉक्टरास सांगावे. आणि शपथपत्रावर किंवा 'पूर्वीचे नाव' विचारणाऱ्या सरकारी फॉर्मवर खोटे लिहू नये, कारण तेथे शीलाबरोबर फौजदारी कायदाही मोडतो.

जोडीदाराविषयी तर आम्ही कोणतीही सवलत देऊ इच्छित नाही. लग्नापूर्वी ही गोष्ट जोडीदारास स्पष्टपणे कळली पाहिजे, आणि ती मध्यस्थाने, मामाने किंवा आईने नव्हे, त्या व्यक्तीने सांगितली पाहिजे. परिवर्तित व्यक्तीला विवाहाचा हक्क आहे. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ साली हिंदू विवाह कायद्यातील 'वधू' या शब्दात परिवर्तित स्त्रीचा समावेश केला, आणि तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. परंतु त्याच कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महत्त्वाची वस्तुस्थिती दडवून मिळविलेली संमती विवाह रद्द ठरविण्यास पुरेशी होऊ शकते. न्यायालयाची पायरी बाजूला ठेवली तरी, ज्याच्याबरोबर आयुष्य काढावयाचे त्याला डोळे बांधून आणणे हा अन्याय आहे. अन्याय सोसलेल्यानेही तो करू नये.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने ता. १५ एप्रिल २०१४ रोजी नालसा खटल्यात असा निर्णय दिला की, आपले लिंग कोणते हे ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे, आणि पोशाखातून, बोलण्यातून, वागण्यातून ते व्यक्त करणे हा अनुच्छेद १९ खालील स्वातंत्र्याचा भाग आहे. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. सांगण्याचे स्वातंत्र्य आणि न सांगण्याचे स्वातंत्र्य अशी ही जोडी आहे. दोन्ही व्यक्तीला दिलेली आहेत, तिच्या कुटुंबाला नव्हेत. संसदेने २०१९ साली स्वतंत्र कायदा केला तेव्हा त्यात अशा व्यक्तीस आईवडिलांच्या घरी राहण्याचा हक्क लिहिला, आणि तिला घर सोडण्यास भाग पाडणाऱ्यास सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत शिक्षा ठरविली. ती शिक्षा आम्हांस तेव्हाही अपुरी वाटली. असे कायदे व नियम बदलत असतात. प्रमाणपत्रासाठी अर्ज करणाऱ्याने अर्जाच्या दिवशी कोणता नियम अमलात आहे हे पाहूनच पाऊल टाकावे.

कागदपत्रांविषयी मात्र अधिक बोलले पाहिजे, कारण डिलनचा घात दोन नोंदींतील तफावतीने केला, आणि आपल्या समाजाचे तर सारे आयुष्य नोंदींवर चालते. जातीच्या दाखल्याची पडताळणी घ्या. समिती वडिलांचा, आजोबांचा शाळेचा दाखला मागते. शंका आल्यास दक्षता पथक घरी येऊन चौकशी करते. पुण्यात ज्याचे गुपित अभेद्य आहे त्याचे जुने नाव गावच्या शाळेच्या रजिस्टरात शाईने लिहिलेले आहे. संपूर्ण गुप्ततेची चैन आपल्यासारख्यांस परवडणारी नाही, हे परिवर्तन करणाऱ्या तरुणांनी ओळखून असावे. २०१९ च्या कायद्याने जन्मदाखल्यावर पहिले नाव बदलून मिळण्याची तरतूद केली. वडिलांचे नाव व आडनाव तेथेच राहते, आणि माग काढणाऱ्याला तेवढे पुरते. राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करणे म्हणजे जुने व नवे नाव कायमचे शेजारी छापणे होय. ज्या कामासाठी ते करावयाचे ते अन्य कागदावर भागते काय, हे आधी विचारावे. दोन्ही नावांची एकच व्यक्ती आहे असे शपथपत्र, प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा जुना दाखला, हे सारे एका फायलीत लावून ती फाईल त्याच्याच ताब्यात असावी. काकाच्या कपाटात नको. ज्याच्या कपाटात फाईल, त्याच्या हातात माणूस, असे आम्ही एकाहून अधिक घरांत पाहिले आहे.

त्या गृहस्थांना आम्ही एवढेच विचारले, "तुम्ही मुलाला विचारलेत काय?" ते काही वेळ बोलले नाहीत. भावकीला काय वाटेल, व्याह्यांना काय सांगावे, छापखान्यात काय द्यावे, हे सारे त्यांनी घरात दहा वेळा बोलून काढले होते. पुण्यास फोन कोणी केला नव्हता. व्हरांड्यात जाऊन त्यांनी तो तेथूनच लावला, आणि बऱ्याच वेळाने परत आले. मुलगा म्हणाला होता, ताईला आधी विचारा, तिचे लग्न आहे. तिला चालत असेल तर नवे नाव घाला, आणि गावात कोणी विचारले तर मी आल्यावर मीच सांगेन, तुम्ही कोणी सांगू नका.

छापखाना दोन दिवस खोळंबला.