पान पोखरणारे पतंग : वर्गीकरणाचा आधार कोणता?

पान पोखरणाऱ्या पतंगांच्या अळ्या पानाच्या दोन पापुद्र्यांमधला गर खात वाढतात. ही सवय पतंगांच्या अनेक कुळांत स्वतंत्रपणे आली आहे. त्यामुळे ती सवय नात्याचा पुरावा ठरत नाही.

पोखरणीचा आकार आणि झाडाची जात कळली की ओळख पटते, असा एक पक्ष आहे. तो टिकत नाही. टोमॅटोच्या पानावरची नागमोडी रेघ लिरिओमायझा या माशीचीही असू शकते. पान उजेडात धरून आतली अळी पाहिली, तर पतंगाच्या अळीचे टणक डोके वेगळे दिसते. माशीच्या अळीला तसे डोके नसते. पायांवरून निवाडा करू म्हटले, तर संत्र्याची पाने पोखरणाऱ्या फिलोक्निस्टिस सिट्रेला या पतंगाची अळीही माशीच्या अळीसारखी बिनपायांचीच असते.

दुसरा पक्ष एखाद्या ठळक अवयवावर भिस्त ठेवतो. नेप्टिक्युलिडी आणि लायोनेटिडी या दोन्ही कुळांत शृंगिकेचे बुडाचे पेर पसरट होऊन डोळ्यावर झाकण धरते. पण पहिल्या कुळातील मादीला समागम आणि अंडी घालणे यांसाठी एकच जननछिद्र असते, दुसऱ्या कुळात दोन असतात. म्हणजे ही कुळे एकमेकांपासून दूरची आहेत आणि डोळ्यावरचे झाकण दोन्हीकडे स्वतंत्रपणे उपजले. पंखांच्या शिरांचेही तसेच; इतक्या चिमुकल्या पंखांत निरनिराळ्या कुळांतल्या शिरा आपापल्या परीने लोप पावतात.

डीएनए चाचणी आल्यावर शरीररचना कालबाह्य झाली, हा तिसरा पक्ष. अळी आणि प्रौढ पतंग एकाच जातीचे आहेत हे डीएनए चटकन दाखवतो, हे खरे. पण तो ज्या नमुन्याशी ताडायचा, त्याचे नाव आधी कोणीतरी शरीररचनेवरूनच ठरवलेले असते.

टोमॅटोची पाने पोखरणारा टुटा हा पतंग या वादातले बोलके उदाहरण आहे. पेरूमधील नमुन्यांवरून एडवर्ड मेरिक यांनी १९१७ मध्ये या जातीचे वर्णन केले आणि तिला फ्थोरिमिया प्रजातीत घातले. पुढे ती प्रजातीमागून प्रजाती फिरत १९९४ मध्ये टुटा प्रजातीत आली. याच नावाने ती २०१४ मध्ये महाराष्ट्रात पोचली. २०२१ मध्ये संशोधकांनी ती परत फ्थोरिमियात, म्हणजे बटाट्यावरील पाकोळीच्या प्रजातीत नेली. आणि हा निर्णय शरीररचनेच्या विश्लेषणावर घेतला.

नाव इतक्यांदा बदलले म्हणून रचनेचा पुरावा डळमळीत, असा आक्षेप येईल. पण बदलले ते प्रजातीचे नाव. जातीची ओळख कायम राहिली. नराचे पोट कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात मऊ करून जननेंद्रिये काचपट्टीवर घेतली, की त्यांतला बोटासारखा आकडा आजही ती ओळख पटवतो. प्रजाती ठरवताना मात्र नर-मादीची जननेंद्रिये, डोके, पंख आणि अळी यांची लक्षणे आप्त जातींशी एकत्र ताडावी लागतात. डीएनए त्या पुराव्याला जोड देतो. त्याची जागा घेत नाही.